सीपॅपचे मशीन : घ्यावे की न घ्यावे?

आपल्या घरांत घोरण्याला कुणी आजार मानत नाही. अब्बा घोरू लागले की मुले हसतात, पाहुणे आले की त्यांची खाट ओसरीवर जाते आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘दिवसभर राबतो बिचारा, म्हणून एवढी गाढ झोप लागते.’ उर्दूत आपण खर्राटे म्हणतो, मराठीत घोरणे. पण दोन्ही भाषांत तो थट्टेचाच विषय.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ही थट्टा थोडी थांबली. १५ फेब्रुवारीच्या रात्री संगीतकार बप्पी लहरी यांचे मुंबईत, जुहूच्या क्रिटीकेअर रुग्णालयात निधन झाले. वय ६९. डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून जे नाव सांगितले, ते अनेकांनी तेव्हा पहिल्यांदाच ऐकले : ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वासाची वाट अडणे. त्यांना इतरही आजार होते, छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत होता. त्यामुळे घोरणारा प्रत्येक माणूस धोक्यात आहे असा अर्थ त्यातून काढू नये. पण घोरण्यामागे आजार असू शकतो, एवढे त्या बातमीने घराघरांत पोहोचवले.

तेव्हापासून एक प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. शाळेत सोबतच्या शिक्षिका विचारतात, नात्यातल्या बायका फोनवर विचारतात : ‘डॉक्टरांनी यांना रात्री नाकाला लावायचं मशीन सांगितलंय. घ्यावं का?’ मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. औषध किंवा मशीन ठरवणे माझे काम नाही. पण डॉक्टरांसमोर बसण्याआधी काय समजून घ्यावे आणि काय विचारावे, हे सांगता येते. माझे म्हणणे थोडक्यात असे : हा निर्णय मशीनच्या दुकानात होत नाही, तो तपासणीच्या कागदावरून होतो. आणि तो एकट्या रुग्णाचा नसतो. शेजारी झोपणाऱ्या माणसाचाही त्यात वाटा असतो.

झोपेत काय घडते

जागेपणी घशातले स्नायू श्वासाची वाट उघडी ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात. ज्यांची मान जाड आहे, जबडा आत आहे, टॉन्सिल मोठे आहेत किंवा जीभ मागे पडते, त्यांची ही वाट अरुंद होते. हवा त्यातून घासत जाते, तो घोरण्याचा आवाज. वाट पूर्ण मिटली की आवाज एकदम थांबतो. छाती-पोट हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागे करतो, एक मोठा हुंदका किंवा फुरफुर होते आणि पुन्हा घोरणे सुरू. त्या माणसाला सकाळी यातले काहीही आठवत नाही.

म्हणूनच या आजाराचा पहिला साक्षीदार रुग्ण नसतो, त्याच्या शेजारी जागी असलेली व्यक्ती असते. घोरण्यापेक्षा घोरण्यातली शांतता जास्त महत्त्वाची आहे, हे तिने लक्षात ठेवावे.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला, किंवा तो फार उथळ होऊन प्राणवायू उतरला, तर ती एक ‘घटना’ मोजतात. तासाला अशा किती घटना होतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. मोठ्या माणसांत पाचपेक्षा कमी असेल तर ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीस म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा. सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा माणूस अर्धवट जागा होतो आणि सकाळी म्हणतो, ‘झोप तर पूर्ण झाली, तरी अंग जड का?’

हा फक्त श्रीमंतांचा आजार आहे का?

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया यांनी केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. डॉ. उदवाडिया यांचे नाव आपण क्षयरोगावरील कामामुळे ऐकतो. झोपेच्या आजारांवरही त्यांनी काम केले आहे. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांना त्यांनी प्रश्न विचारले आणि त्यातल्या काहींची घरी झोपेची तपासणी केली. त्यावरून काढलेला अंदाज असा की, १९.५ टक्के पुरुषांत झोपेतल्या श्वासाचा दोष होता. दोषही आहे आणि दिवसा झोपही येते, असे ७.५ टक्के होते. वजन, मानेचा घेर आणि मधुमेह या गोष्टींशी त्याचा जवळचा संबंध दिसला.

हे शहरातले पुरुष होते, हे खरे. पण मधुमेह आणि ब्लड प्रेशर आता नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा येथेही घरोघर आहे. शिवाय आपल्याकडे माणूस फार जाड नसला तरी त्याला हा त्रास असू शकतो, कारण जबड्याच्या ठेवणीवरही बरेच अवलंबून असते.

बायकांचे वेगळे आहे. त्यांच्या घोरण्याबद्दल कुणी बोलत नाही आणि त्या स्वतः तर मुळीच सांगत नाहीत. पाळी थांबल्यानंतर हा त्रास वाढतो. त्यांच्यात लक्षणेही साधी वाटणारी असतात : सकाळी डोके दुखणे, थकवा, रात्री वारंवार जाग येणे, मन उदास राहणे. मग झोपेच्या गोळ्या सुरू होतात. या गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडू शकतात. अम्मी किंवा खाला जर अशा गोळ्या घेत असतील आणि घोरतही असतील, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात.

आधी तपासणी, मग मशीन

फोनवर विचारणाऱ्या बायकांना माझा पहिला प्रतिप्रश्न असतो : ‘तपासणी झाली का?’ निम्म्या वेळा उत्तर ‘नाही’ असते. घोरणे ऐकून किंवा फक्त वजन पाहून मशीन घेऊ नये.

तपासणी दोन प्रकारची असते. एक रुग्णालयात रात्रभर झोपवून करतात. त्यात मेंदू, डोळे, श्वास, हृदय, प्राणवायू असे सगळे नोंदवले जाते. दुसरी घरच्या घरी. लहानसे यंत्र, नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून माणूस आपल्याच पलंगावर झोपतो. जिथे लक्षणे ठळक आहेत आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार नाही, तिथे घरची तपासणी सहसा पुरते. मात्र तिची एक मर्यादा माहीत असावी. ती माणूस खरोखर किती वेळ झोपला हे मोजत नाही, यंत्र किती वेळ चालले ते मोजते. त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. त्रास भरपूर आणि अहवाल चांगला असे झाले, तर रुग्णालयातली तपासणी करून घ्यावी.

आपल्या जिल्ह्यात २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी तिथे छातीरोग किंवा कान-नाक-घसा विभागात विचारावे. नाहीतर धुळे, नाशिक किंवा रेल्वेने सुरत आहेच. जाताना दोन गोष्टी न्याव्यात : रात्री फोनवर घेतलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ आणि चालू गोळ्यांची यादी.

डॉक्टर एक साधी प्रश्नावलीही देतील. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी ती १९९१ साली तयार केली. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत बसल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण दहाच्या वर गेले तर दिवसाची झोप जास्त आहे. ही प्रश्नावली नवरा-बायकोने मिळून भरावी. आमचे पुरुष ‘मला कुठे डुलकी लागते?’ असे म्हणत शून्य लिहितात आणि शेजारी बसलेली बायको तीन बोटे दाखवते.

हे मशीन करते काय?

सीपॅप हे प्राणवायूचे मशीन नाही. ते खोलीतलीच हवा घेते, थोडा दाब देते आणि नळीतून नाकापर्यंत पोहोचवते. त्या दाबाने घशाची वाट आतून उघडी राहते. दाब किती? सेंटीमीटर पाण्यात मोजतात, ४ ते २० पर्यंत. ग्लासातल्या पाण्यात नळी दहा सेंटीमीटर खोल धरून फुंकून पाहा. बुडबुडे काढायला जेवढा जोर लागतो, तेवढाच तो दाब. त्यात भिण्यासारखे काही नाही.

ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांची. त्यांनी १९८१ साली पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र आजार असलेल्यांसाठी घशाला भोक पाडण्याची शस्त्रक्रिया हाच खात्रीचा इलाज होता. त्या दिवसांची तुलना केली, तर नाकावरचा मास्क फार सौम्य वाटतो.

मात्र हे मशीन आजार बरा करत नाही. चष्म्यासारखे आहे : लावले तोवर नीट दिसते, काढले की पूर्वीसारखेच. म्हणून ‘महिनाभर लावून पाहू, बरे झाले की बंद करू’ असे म्हणून ते घेऊ नये.

कोणाला घ्यावे, कोणी थांबावे

माझ्या ओळखीतली दोन उदाहरणे सांगते. नावे सांगत नाही.

सासरकडच्या नात्यातले एक भाऊ नंदुरबारहून सुरतेला मिरचीची गाडी नेतात. रात्रीचा प्रवास. भाभींनी फोनवर त्यांचा झोपेतला व्हिडिओ घेतला आणि श्वास थांबल्यावर सेकंद मोजले. तपासणीत आकडा ३८ आला. ब्लड प्रेशरच्या दोन गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी मशीन सांगितले आणि भाऊंनी साफ नकार दिला. कारण ऐकून मीही गप्प झाले. कोविडमध्ये त्यांच्या थोरल्या भावाच्या तोंडावर असाच मास्क होता आणि ते घरी परत आले नाहीत. ‘आपा, हे लावलं म्हणजे माणूस संपला,’ ते मला म्हणाले.

ही भीती अनेक घरांत आहे आणि ती थट्टेने जाणार नाही. डॉक्टरांनी त्यांना समजावले ते असे : कोविडमध्ये फुप्फुसच निकामी होत होते, म्हणून प्राणवायू जोडून जास्त दाबाची मशीन लावावी लागली. ‘तुमचे फुप्फुस चांगले आहे, फक्त दार मिटते. आपण दार उघडे ठेवतोय.’ भाऊ एक महिना भाड्याच्या मशीनवर राजी झाले. महिन्याच्या शेवटी मशीनमधला आकडा चारवर होता. त्यांनी ते विकत घेतले.

दुसरे उदाहरण आमच्या शाळेतल्या एका सरांचे. तेही घोरत होते, पण आकडा ९ आला. दिवसा झोप नाही, ब्लड प्रेशर नाही आणि घटना जवळजवळ सगळ्या पाठीवर झोपल्यावरच. त्यांच्या डॉक्टरांनी मशीन सांगितले नाही. कुशीवर झोपा, वजन उतरवा, नाकाची अ‍ॅलर्जी आटोक्यात आणा आणि सहा महिन्यांनी या, असे सांगितले. सर आजही मशीनशिवाय आहेत आणि ते योग्य आहे.

या दोन घरांमधला फरक म्हणजेच निर्णयाची गुरुकिल्ली. आकडा तीसच्या वर असेल तर मशीन हा पहिला इलाज. १५ ते ३० मध्येही बहुतेकांना ते सुचवले जाते. ५ ते १५ मध्ये दिवसा झोप येते का, ब्लड प्रेशर गोळ्यांना दाद देत नाही का, हृदयाचा त्रास आहे का आणि माणूस गाडी किंवा यंत्र चालवतो का, हे पाहून ठरते. ड्रायव्हरचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या डुलकीची किंमत रस्त्यावरचे दुसरे कुटुंबही मोजते.

वजनाबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात झालेल्या मोठ्या अभ्यासात दहा टक्के वजन वाढलेल्यांचा एएचआय सुमारे ३२ टक्क्यांनी वाढला आणि दहा टक्के उतरलेल्यांचा सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे ९० किलोच्या माणसाने ९ किलो कमी केले तर सौम्य आजारात मोठा फरक पडू शकतो. पण ३८ चा आकडा त्याने साधारण २८ वर येईल, पाचवर नाही. मशीन घेतलेल्यांनीही वजनावर काम चालू ठेवावे. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपेटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला लठ्ठपणा असलेल्या अशा रुग्णांसाठी मान्यता मिळाली. ते महाग आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेण्याची गोष्ट नाही.

दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे उपकरणही बनवतात. सौम्य आणि मध्यम आजारात ते चालते. पण त्याला मजबूत दात लागतात. कवळी असेल, किंवा गुटख्यामुळे तोंडच नीट उघडत नसेल, तर ते बसवणे अवघड.

मशीनकडून काय अपेक्षा ठेवावी

विक्रेता सांगतो, ‘हे लावलं की हार्ट अटॅक येणार नाही.’ असे वचन कुणी देऊ नये. भारतासह सात देशांत झालेला ‘सेव्ह’ नावाचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. हृदयरोग किंवा पक्षाघात आधीच झालेले २,७१७ रुग्ण त्यात होते. मशीन वापरणाऱ्यांत पुढचे झटके कमी झाले नाहीत. पण त्यांचे घोरणे, दिवसाची झोप आणि मनाची उदासी कमी झाली, रोजचे जगणे सुधारले. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी : ते रुग्ण सरासरी रात्री फक्त ३.३ तास मशीन वापरत होते. अर्धी रात्र उघडे ठेवलेले दार अर्धाच फायदा देते, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे.

ब्लड प्रेशरही सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरते. म्हणून मशीन आणले की गोळ्या बंद, असे कुणी करू नये. मशीन घ्यायचे ते जागेपणी ताजे राहण्यासाठी, गाडी चालवताना डोळा न लागण्यासाठी आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही झोप मिळावी यासाठी. ही कारणे पुरेशी आहेत.

कपाटात जाणारे मशीन

बरीच मशीन दोन-तीन महिन्यांत कपाटात जातात. त्यामागची कारणे सहसा लहान असतात आणि त्यांना उपाय असतो.

मास्क हे पहिले कारण. तो मशीनइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्याकडे दाढी असलेल्यांना पूर्ण तोंड झाकणारा मास्क दिला की बाजूने हवा गळते, डोळ्यांत जाते, आवाज होतो आणि माणूस वैतागतो. वर सांगितलेल्या भाऊंचे पहिल्या आठवड्यात हेच झाले. रात्री दोन तासही मास्क टिकत नव्हता. मग नाकपुड्यांना बसणारा छोटा मास्क मिळाला, तो दाढीला टेकत नाही, आणि ते पाच तासांवर गेले. दाढी काढावी लागेल का, हा प्रश्न विचारायला पुरुष संकोचतात. उत्तर असे : बहुतेकांना नाही, योग्य मास्क मागावा.

तोंड कोरडे पडत असेल तर मशीनला पाण्याचे भांडे जोडता येते. गुदमरल्यासारखे वाटत असेल तर आधी दिवसा जागेपणी, टीव्ही पाहताना किंवा वाचताना अर्धा तास लावून सवय करावी. नाक चोंदलेले असेल तर आधी नाकाचा इलाज.

‘लाईट गेली तर?’ हा आपल्या भागातला रास्त प्रश्न आहे. वीज गेली तर माणूस गुदमरत नाही. नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळे असते आणि तोंड झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा घेण्यासाठी झडप असते. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर मशीन फार कमी वीज घेते, घरच्या इन्व्हर्टरवर चालते. मास्क रोज सौम्य साबणाने धुवावा, भांड्यातले पाणी रोज बदलावे आणि आपल्याकडची धूळ पाहता फिल्टर वेळेवर बदलावा.

रात्री निदान चार तास आणि आठवड्यातल्या बहुतेक रात्री, हा वापराचा किमान मापदंड मानतात. वापराची नोंद मशीनमध्येच राहते. पहिल्या महिन्यानंतर ती डॉक्टरांना दाखवावी.

पैशांचे गणित

नवे मशीन साधारण तीस हजारांपासून पुढे जाते. मास्कचे काही हजार वेगळे आणि तो दरवर्षी-दोन वर्षांनी बदलावा लागतो. म्हणून आधी भाड्याने घ्यावे. एक महिना वापरून पाहिले की मास्क कोणता, दाब किती आणि आपण लावू का, तिन्ही उत्तरे मिळतात. विम्याच्या कंपनीला लेखी विचारावे. तपासणीचा अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही जपून ठेवावे.

कुणाचे वापरलेले मशीन मिळत असेल तर सावध राहावे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे आपली लाखो मशीन जगभरातून परत मागवली. जुने मशीन त्यातले आहे का, हे मॉडेल आणि क्रमांकावरून तपासावे. आणि दुसऱ्याच्या दाबावर ठेवलेले मशीन तसेच लावू नये.

रमजान आणि हजचा सफर

रमजानमध्ये झोपेचे दोन तुकडे होतात. तरावीहनंतर झोपायचे, सेहरीला उठायचे, फजरनंतर पुन्हा थोडे पडायचे. बहुतेक जण सेहरीला मास्क काढतात तो काढतातच. पण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात आणि श्वास बहुधा तेव्हाच जास्त अडतो. म्हणजे फजरनंतरची झोप मास्कशिवाय घेणे हे नेमक्या वाईट वेळी दार मिटू देणे आहे. ती झोप रोज्यात येते, तेव्हा मशीनच्या हवेबद्दल आणि पाण्याच्या वाफेबद्दल मसला काय, हे आपल्या भरवशाच्या आलिमांना रमजानआधीच विचारून ठेवावे. त्यांना मशीन कसे चालते ते नीट सांगावे. वाफेशिवायही ते चालते, हेही सांगावे.

हज-उमराहला जाणाऱ्यांनी मशीन घरी ठेवून जाऊ नये. दिवसभर चालणे, अपुरी झोप, अनोळखी हवा, तिथे त्याची गरज जास्त असते. डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवावे, मशीन सामानात न देता हाताशी ठेवावे आणि त्यासाठी विमान कंपनीला आधी विचारावे. पाण्याचे भांडे रिकामे करून न्यावे. सौदीतल्या भिंतीतल्या प्लगला तीन चौकोनी पिना लागतात, तसा अडॅप्टर घ्यावा. मिनाच्या तंबूत प्लग मिळेल का, हे टूरवाल्यांकडून निघण्याआधी नक्की करून घ्यावे.

मुलांचे वेगळे

शिक्षिका म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोज रात्री घोरणारे, तोंड उघडे ठेवून झोपणारे, वर्गात चुळबुळ करणारे किंवा बाकावर मान टाकणारे मूल नेहमी आळशी नसते. मुलांमध्ये या त्रासाचे सर्वांत मोठे कारण टॉन्सिल आणि नाकामागची गाठ वाढणे हे असते. त्यांच्यात तासाला एकापेक्षा जास्त घटनाही जास्त मानतात आणि पहिला इलाज बहुधा शस्त्रक्रिया असतो, मशीन नाही. मोठ्यांचे नियम लहानांना लावू नयेत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

१. माझा एएचआय किती आणि प्राणवायू किती खाली गेला?
२. पाठीवर आणि कुशीवर आकडा वेगळा आहे का?
३. मशीनशिवाय माझ्यासाठी दुसरा कोणता इलाज आहे आणि त्याने आकडा किती उतरेल?
४. भाड्याने एक महिना पाहता येईल का आणि मास्क बदलून मिळेल का?
५. महिन्यानंतर मशीनमधली नोंद कोण पाहणार?

पाचव्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर अजून खरेदी करू नये. मशीन विकणारा पुष्कळ वेळा दारापर्यंत येतो. नोंद पाहणारा शोधावा लागतो.

ज्या घरात कुणी मोठ्याने घोरते, त्या घरातल्या भगिनींना एकच काम सांगते. आज रात्री दहा मिनिटे जागे राहा, आवाज थांबला की सेकंद मोजा आणि फोनवर टिपून घ्या. सकाळी ते थट्टेसाठी दाखवू नका, आपुलकीने दाखवा. पुढचा रस्ता, इन्शाअल्लाह, डॉक्टर दाखवतील.